जनाबाईची डावी बाजू

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात अंबिकाबाई दळवींच्या घरातल्याच शिवणाच्या दुकानात दोन बायका कायम असायच्या. एक स्वतः अंबिकाबाई, मशीनवर वाकलेल्या. दुसरी जनाबाई, दाराकडे तोंड करून उभी. तोंड म्हणायचं आपलं, कारण जनाबाईला डोकं नव्हतं, हात नव्हते आणि कमरेखाली लाकडाचा एकच पाय होता. ब्लाउज चढवून बघायचा कापडी पुतळा तो. पण गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की आधी नजर तिच्याकडे जायची. काही बायका तर चप्पल काढताना तिला चुकवून कडेकडेनं आत यायच्या.

हे नाव तिला पडलं त्याचीही एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. राजवाड्याकडचं एक जुनं शिंप्याचं दुकान उठलं तेव्हा अंबिकाबाईंचे यजमान रघुवीरराव हा पुतळा हातगाडीवर घालून घेऊन आले. तिन्हीसांजेची वेळ, दिवा लागायचा होता. सासरे कृष्णराव आत पलंगावर बसलेले. दारात उभी आकृती बघून म्हातारा अगदी मायेनं म्हणाला, "ये, जनाबाई. लई दिवसांनी आलीस."

जनाबाई ही कृष्णरावांची थोरली बहीण. तिला जाऊन तेव्हाच एक पिढी लोटली होती. रघुवीरराव हसले, अंबिकाबाई हसल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

कृष्णरावांच्या कानांचं तर वेगळंच पुराण. जन्म कापडाच्या मिलमध्ये गेला. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, भोंगाही गेला. तरी म्हातारा भल्या सकाळी उठून डबा मागायचा. "भोंगा झाला, ऐकला नाही का?" पहिल्यांदा घरच्यांनी समजावून पाहिलं. मग अंबिकाबाई रिकामाच डबा हातात द्यायला लागल्या. तो घेऊन कृष्णराव गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा त्यांच्या मागोमाग जाऊन अंबिकाबाईंनी पाहिलं, तर टोकावर आणखी तीन म्हातारे डबे घेऊन उभे. चौघांनाही एकाच वेळी तोच भोंगा ऐकू आला होता! आता याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. अंबिकाबाईंनी एवढंच ठरवलं की कान जुने झाले की त्यात जुने आवाज राहायला येतात. पुढे याच समजुतीपायी त्यांचे दोन महिने वाया गेले.

अंबिकाबाईंची कारागिरी अशी की कटोरी ब्लाउज शिवावा तर त्यांनीच. पार सांवेर गावाहून बायका मोटरसायकलीवर मागे बसून माप द्यायला यायच्या. नेहमीचं गिऱ्हाईक असलं की अंबिकाबाई जनाबाईला कापूस आणि चिंध्या बांधून त्या बाईच्या अंगाची करायच्या आणि मग तिच्यावरच कापड बेतायच्या. लग्नसराईत जनाबाई एका आठवड्यात पाच बायका व्हायची.

मग एका वर्षी अंबिकाबाईंच्याच डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. स्तन काढावा लागणार, हे कळलं त्या दिवशी त्या घरी आल्या, दुकानाचं दार लावून घेतलं आणि आरशात बघून जनाबाईला आपल्या स्वतःच्या मापाची केली. डावं, उजवं, खांद्याचा उतार, सगळं हुबेहूब. वर मलमलचं कापड ताणून टाके घातले. "आता हिला बदलायचं नाही," त्या रघुवीररावांना म्हणाल्या. "मी उद्या कशी दिसेन कोण जाणे. मी कशी होते ते एका जनीला तरी ठाऊक असू दे." गिऱ्हाइकांच्या मापासाठी त्यांनी दुसरा हलका प्लास्टिकचा पुतळा आणला. त्याला काही कुणी नाव ठेवलं नाही.

प्लास्टिक सर्जन डॉ. निवेदिता यांनी सांगितलं की स्तनाच्या जागी इम्प्लांट बसवता येईल, आणि टेबलावर दोन नमुने ठेवले. एक गुळगुळीत, गोल. दुसरा खरबरीत, थेंबासारखा, खाली भरलेला आणि वर उतरता.

"गुळगुळीत असतो तो आतल्या जागेत थोडा हलतो, सरकतो," डॉक्टर म्हणाल्या. "थेंबाच्या आकाराला सरकून चालत नाही, फिरला तर आकार बिघडेल. म्हणून त्याला वरून खरबरीत करतात, आजूबाजूचं मांस त्याला धरून ठेवतं. दोन्हींचे फायदे आहेत, दोन्हींच्या रिस्क आहेत. नीट समजून घ्या."

पण अंबिकाबाईंनी डोळे मिटून दोन्ही हातात घेतले होते. बोटांना सवयच ती. गुळगुळीत नमुना तळहातावर ठरेना. जिवंत काही धरावं आणि त्यानं निसटू पाहावं तसा. अंगावर काटा आला. खरबरीत मात्र जिथं ठेवला तिथं शहाण्यासारखा बसून राहिला. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. रेशमी साडीच्या ब्लाउजला सुती अस्तर लावायचं, म्हणजे कापड जागचं हलत नाही. गुळगुळीत घसरतं, खरबरीत धरतं. यात आणखी विचारायचं काय?

डॉक्टर पुढे बोलत होत्या. खरबरीत इम्प्लांटच्या भोवती पुष्कळ वर्षांनी एक आजार झाल्याच्या नोंदी आहेत, फार दुर्मीळ आहे, पण दर वर्षी दाखवायला यायचं, सूज आली तर लगेच यायचं. अंबिकाबाई मान हलवत होत्या. मन केव्हाच बेतून, कापून मोकळं झालं होतं. गिऱ्हाइकानं कापडाबद्दल काही सांगावं आणि शिंपिणीनं हूं हूं करावं, तसं झालं.

एक गोष्ट तेवढी त्यांनी ऐकली आणि ती मनात रुतून बसली. डॉक्टर म्हणाल्या, "बाहेरची कुठलीही वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती आपलं एक पातळ आवरण तयार करतं. पिशवीच म्हणा ना."

"म्हणजे अस्तर?"

"हां, अस्तर."

"पण शिवतं कोण?"

डॉक्टर हसल्या. अंबिकाबाई हसल्या नाहीत. घरी परतताना रिक्षात त्यांना सारखं वाटत राहिलं की आता आपल्या आत कुणीतरी बसणार, आणि आपल्याला न विचारता शिवत राहणार.

वर्षं बरी गेली. खरंच बरी गेली. नवा स्तन जनाबाईच्या डाव्या बाजूशी इतका जुळला की अंबिकाबाई आपले ब्लाउज तिच्यावर बेतायच्या आणि न घालून बघता पेटीत ठेवायच्या. एक-दोन वर्षं त्या दाखवायला गेल्या. मग करोना आला, कृष्णराव गेले, जाणं सुटलं. हॉस्पिटलातून एकदा फोन आला होता की खरबरीतवाल्या सगळ्या बायकांनी तपासणी चालू ठेवावी. अंबिकाबाईंनी "हो, येते ना," म्हटलं आणि पुन्हा मशीनवर बसल्या.

नववं वर्ष लागलं तेव्हा मुलगी शर्वरीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी स्वतःला एक ब्लाउज शिवला. शर्वरी भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. ब्लाउज जनाबाईवर चढवला, चपखल. स्वतः घातला, तर डावीकडे ओढ. हुक लागेना.

दुसरी कुणी असती तर तिनं स्वतःकडे पाहिलं असतं. पण अंबिकाबाई पडल्या शिंपिण. अंगाचं माप चुकत नाही, चुकतो तो पुतळा. कापूस दबतो, चिंध्या बसतात. त्या जनाबाईला म्हणाल्या, "काय गं, वाळत चाललीस?" मलमलची शिवण उसवली, डाव्या बाजूला कापसाचा एक थर घातला, पुन्हा टाके घातले. पुढचा ब्लाउज बरोबर बसला. समाधान झालं.

काही आठवड्यांनी परत तीच ओढ. परत उसवलं, परत कापूस घातला. त्यानंतर आणखी एकदा. आता मात्र टाके घालताना त्यांचा हात जरा थबकला. ज्या बाजूला आपण भरतोय तीच बाजू पुन्हा पुन्हा रिकामी कशी होते? जनाबाईचा कापूस कोण खातंय? संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी पुतळ्यावर जुनी चादर टाकली. सकाळी येऊन पाहिलं तर चादर खाली पडलेली. पंख्याच्या वाऱ्यानं पडली असेल. त्यांनी ती उचलून घडी घातली. पुन्हा टाकली नाही.

शेजारची रुची लेहंग्याचं माप द्यायला आली आणि आत येताच म्हणाली, "आंटी, ये पुतला टेढ़ा क्यों हो गया?"

"कुठं टेढ़ा?"

"अरे देखो ना, एक तरफ से फूल गया है। किसका नाप है ये?"

अंबिकाबाईंच्या हातातला टेप तसाच राहिला. त्यांनी जनाबाईकडे दारातून पाहिलं, गिऱ्हाईक पाहतं तसं. कितीतरी वर्षांत त्यांनी तिला लांबून पाहिलंच नव्हतं. डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच मोठी दिसत होती. बिनडोळ्यांची ती बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"कुणाचं नाही," त्या म्हणाल्या. "जुनं आहे."

त्याच सुमारास पाणी ऐकू यायला लागलं.

इंदूरच्या या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आला की घरात एक ठराविक आवाज होतो. आधी पाइपात गुळगुळ, मग फस्स करून हवा, मग धार. परदेशीपुऱ्यातली बाई तो आवाज झोपेतसुद्धा ओळखते. अंबिकाबाई मशीनवरून उठायला गेल्या की त्यांना तो पहिला आवाज यायचा. गुळगुळ. बारीक, पण अगदी जवळ. त्या धावत मोरीत जायच्या, तोटी फिरवायच्या. कोरडी. तो नळाचा दिवसच नसायचा.

"अहो, ऐकलंत का? पाणी आलं की काय?"

रघुवीरराव पेपरातून डोकं काढायचे. "अंबिका, आज नळ नाही. वा रे भिया, बाबांना भोंगा, तुला नळ. या घराण्याच्या सुनेलाही वारसा मिळाला म्हणायचा! डबा देऊ का हातात?"

अंबिकाबाई हसायच्या. दिवसा, उजेडात, समोर अर्धे खाल्लेले पोहे. हसता हसता वाकल्या की पुन्हा गुळगुळ.

कुणी म्हणेल, मग तेव्हाच कसं लक्षात आलं नाही? खरं सांगायचं तर आतून कुठंतरी आलंच होतं. त्या आंघोळीला हल्ली अंधार करायच्या. डावा हात वर नेत नसत. पण ज्या बाईनं एकदा कॅन्सर पाहिला आहे ती दुसऱ्यांदा दार वाजलं तर कडी काढायला लगेच उठत नाही. ती म्हणते, शेजाऱ्यांकडे वाजलं असेल.

एका रविवारी दुपारी शर्वरी घरी होती. आईच्या मशीनशेजारी बसून मुलांच्या उत्तरपत्रिका बघत होती. अंबिकाबाई दोरा ओवायला वळल्या आणि शर्वरीनं मान वर केली.

"मम्मी, काय वाजलं?"

अंबिकाबाईंनी सुई-दोरा खाली ठेवला. आजवर तो आवाज त्यांच्या एकटीचा होता. कानात जुने आवाज राहतात, एवढंच होतं. दुसऱ्याच्या कानाला ऐकू आला म्हणजे तो खरा झाला. गल्लीच्या टोकावरचे चार म्हातारे त्यांना लख्ख दिसले.

"तुला ऐकू आला?"

"हो. पाण्यासारखा. पुन्हा वळ बरं."

अंबिकाबाई वळल्या. गुळगुळ. शर्वरी उठली. मोरीकडे गेली नाही. सरळ आईजवळ आली आणि लहानपणी टेकायची तसं डोकं तिच्या छातीच्या डाव्या बाजूला टेकलं.

"मम्मी," ती तशीच म्हणाली, "नळ इथं आहे."

मग तिचं लक्ष जनाबाईकडे गेलं. त्या फुगलेल्या डाव्या बाजूकडे, एकावर एक घातलेल्या टाक्यांच्या तीन रांगांकडे. "हे कधीपासून भरतेयस तू?"

"कापूस बसतो गं त्यातला."

"कापूस बसत नाहीये. तू वाढतेयस. आणि तू मला सांगायचं सोडून पुतळा मोठा करत बसलीस?" शर्वरीचा आवाज चिरकला. "बायोलॉजी शिकवते मी, मम्मी! दोनशे मुलांना शिकवते!"

"म्हणूनच नाही सांगितलं. तू लगेच रोगाचं नाव सांगितलं असतंस."

दुसऱ्या दिवशी त्या डॉ. निवेदितांसमोर बसल्या. सोनोग्राफीत इम्प्लांटच्या भोवती पाणी दिसलं, चांगलं वाटीभर. काळ्या पडद्यावर ते काळंच दिसत होतं, आणि त्यात इम्प्लांट तरंगत होता. घट्ट धरून राहील म्हणून निवडला होता, तोच. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं आणि खास तपासणीला पाठवलं.

"घाबरवत नाही, पण लपवतही नाही," त्या म्हणाल्या. "लाखो बायकांच्या आत खरबरीत इम्प्लांट आहेत आणि त्यांना काहीही झालेलं नाही. त्रास नसेल तर नुसत्या भीतीनं काढायचीही गरज नसते. पण थोड्या बायकांना, बहुतेक सात-दहा वर्षांनी, त्या आवरणात एक प्रकारचा लिम्फोमा होतो. स्तनाचा कॅन्सर नाही हा, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आहे. ज्यांना झाला त्यांच्यात जवळजवळ सगळ्यांच्या आत कधी ना कधी खरबरीतच होता. पहिलं लक्षण हेच, अचानक पाणी भरणं."

"म्हणजे तो शिवणारा," अंबिकाबाई हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"काही नाही. तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. मी कापड बघत होते."

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस गेले. त्या दिवसांत अंबिकाबाईंनी एक टाकाही घातला नाही. सुईनं काढलेलं पाणी हळूहळू पुन्हा भरत होतं. आवाज आधी गेला, मग परत आला, लांबून आल्यासारखा. रघुवीररावांनाही आता तो ऐकू यायचा. ते पेपर तोंडासमोर धरून बसायचे, पण पान उलटत नसत. एकदा नळाच्या दिवशी मोरीत खरंच पाणी आलं, धार पडायला लागली, बादली भरून वाहायला लागली, तरी दोघंही जागचे हलले नाहीत.

रिपोर्टात त्या पेशी निघाल्या. पण स्कॅनमध्ये बाकी कुठं काही नव्हतं. फक्त पाण्यात आणि आवरणाच्या आतल्या अंगाला. इम्प्लांट आणि पूर्ण आवरण एकसंध काढलं तर बहुतेकांना तेवढंच पुरतं, डॉक्टर म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती.

आता प्रश्न उरला तो त्या जागी पुढे काय ठेवायचं याचा. शर्वरीचा आग्रह होता की नंतर गुळगुळीत बसवून घ्यावा. "मम्मी, त्याच्यात हा धोका जवळपास नाही. तू लग्नात नीट दिसायला पाहिजेस. तुझ्यासाठीच म्हणतेय."

"तुझ्या लग्नात लोक तुला बघतील की माझ्या ब्लाउजच्या चुण्या, टक्स मोजतील?"

पण नमुने त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेतले. या वेळी डोळे उघडे ठेवले, आणि हात मांडीवर. "आधी सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "मग हात लावते."

डॉक्टरांनी सांगितलं. गुळगुळीत जास्त हलतो. काहींच्यात आवरण आवळतं आणि स्तन कडक होतो, दुखतो. आतून फुटला तर बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून तपासण्या लागतात. आणि कुठलाच इम्प्लांट जन्माला पुरत नाही, कधीतरी बदलायची वेळ येते. पुष्कळ बायका हे सगळं समजून घेतात आणि सुखानं राहतात. काही बायका आत काहीच ठेवत नाहीत, त्याही सुखानं राहतात. घाई नाही, वर्षभरानं ठरवलं तरी चालेल.

अंबिकाबाईंनी मध्ये मध्ये थांबवून विचारलं. एकच गोष्ट दोनदा विचारली. गुळगुळीतच्या भोवतीसुद्धा शरीर अस्तर शिवणार का? शिवणार, डॉक्टर म्हणाल्या. ते दोन्हींच्या भोवती शिवतं. तो शरीराचा स्वभावच आहे.

मग त्यांनी गुळगुळीत नमुना उचलला. तसाच तो निसटू पाहणारा. पण या वेळी काटा आला नाही. बिचारा, त्या मनात म्हणाल्या, याचं काही वाईट नाही. त्यांनी तो हलकेच परत ठेवला.

"जिला हवा तिनं जरूर घ्यावा. मला आता आत कुणी भाडेकरू नको."

शर्वरी रडली. मग तीच पहिल्यांदा म्हणाली, "ठीक आहे."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, फोटो बघायचाय का? अंबिकाबाईंनी बघितला. फिकट, गुलाबीसर, चहूबाजूंनी बंद पिशवी. कुठं उसवण नाही, कुठं टाका दिसत नाही.

"हात सफाईदार आहे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला विचारायचं तेवढं राहिलं."

घरी आल्यावर दुकान उघडलं तेव्हा जनाबाई तशीच उभी होती, वाकडी, डावी बाजू पुढे काढून. अंबिकाबाईंनी कातर घेतली, टाक्यांच्या तिन्ही रांगा उसवल्या, कापूस काढला. नंतर घातलेला काढला, आणि त्याच्या खालचा जुना होता, पहिल्या दिवशीचा, तोही काढला. मलमल सपाट ओढून शिवली. जनाबाई आता एका बाजूनं भरलेली, एका बाजूनं मोकळी. मग त्यांनी तिच्यावर शर्वरीच्या लग्नातला आपला ब्लाउज बेतला, डावीकडे टक्स न घेता. असा ब्लाउज त्यांनी कधी शिवला नव्हता. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा बसला.

दर तीन महिन्यांनी त्या तपासणीला जातात. एकही तारीख चुकवत नाहीत. आजवर सगळं स्वच्छ आलं आहे.

परवा भर दुपारी काजं करत असताना आवाज आला. गुळगुळ. बारीक, अगदी जवळ. नळाचा दिवस नव्हता. अंबिकाबाईंची सुई थांबली. त्यांनी तळहात छातीच्या डाव्या बाजूवर ठेवला आणि श्वास रोखला. हाताखाली सपाट, कोरडं, शांत. त्या सावकाश वळल्या. हाताखाली काही हललं नाही. पण गुळगुळ चालूच होती.

आतून रघुवीरराव मोरीत धावले, पुन्हा दारात आले, तोंडावर पाणी उडालेलं. "अगं, पाणी सोडलंय आज! जास्तीचं सोडलंय! बादल्या आण!"

"आणते," अंबिकाबाई म्हणाल्या. पण तळहात तिथंच होता. जनाबाई बघत होती. त्यांनी बसल्या जागी आणखी एकदा अंग वळवून पाहिलं, आणि मगच त्या उठल्या.